डीईसेक-२ बसवण्याआधी: आर, आरटूल्स आणि बाकीचं लटांबर

आरएनए-सेकचा (पेशीतली कोणती जनुकं किती चालू आहेत ते मोजणाऱ्या तंत्राचा) डेटा आला, काउंट मॅट्रिक्स म्हणजे जनुकागणिक मोजणीचा तक्ता हातात पडला, आता डीईसेक-२ चालवायचंय; म्हणजे दोन गटांत कोणती जनुकं कमीजास्त चालतात ते शोधणारं, आर या संख्याशास्त्राच्या भाषेतलं पॅकेज. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं, घाई केलेली चालत नाही. खालचं सगळं विंडोजसाठी आहे. मॅकवाल्यांनी आपली चिप एम-मालिकेतली की इंटेलची ते पाहून आरचा इन्स्टॉलर निवडावा, दोन्हींचे वेगळे असतात. लिनक्सवाले आपलं आपण बघतात.

इंटरनेट, चार्जर, डिस्कवर मोकळी जागा. पुढे.

काहीही डाउनलोड करण्याआधी आरस्टुडिओ (आर वापरण्याची खिडकी) उघडा आणि कन्सोलमधली, म्हणजे कमांड टाइप करायच्या जागेतली, पहिली ओळ वाचा. आरची आवृत्ती तिथे असते. गेल्या वेळी एवढंच बघायचं राहिलं आणि शनिवार-रविवार पाण्यात गेला. आरस्टुडिओ वेगळं, आर वेगळं; एक अपडेट केलं म्हणून दुसरं होत नाही. इतकंच नाही, नवं आर टाकल्यावरही आरस्टुडिओ जुनंच उघडू शकतं, कारण लॅबच्या कॉम्प्युटरवर आधीच्या कुणीतरी टूल्समध्ये ग्लोबल ऑप्शन्सच्या जनरल पानावर जुनी आवृत्ती पक्की करून ठेवलेली असते. म्हणून नवं आर टाकल्यावर आरस्टुडिओ बंद करून परत उघडा आणि ती ओळ परत वाचा. इन्स्टॉलरच्या नावावर विश्वास ठेवू नका.

याचं एवढं महत्त्व का, तर डीईसेक-२ क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजेसच्या मुख्य भांडारात, नसतं, बायोकंडक्टर या जीवशास्त्राच्या पॅकेजेसच्या भांडारात असतं. बायोकंडक्टरची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि प्रत्येक आवृत्ती आरच्या ठरावीक मालिकेलाच बांधलेली असते. ३.१८ ला आर ४.३ लागतं, ३.२० ला ४.४, ३.२१ ला ४.५. जुन्या आरमध्ये बायोकमॅनेजरला (बायोकंडक्टरवरून पॅकेजेस आणणाऱ्या पॅकेजला) नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलंत, तर तो त्या काळातलं जुनं डीईसेक-२ आणून देतो. सगळं बसल्यासारखं दिसतं. मग ट्युटोरियलमधलं एखादं फंक्शन सापडत नाही आणि आपण स्पेलिंग तपासत बसतो.

आरटूल्स, म्हणजे विंडोजवर पॅकेजेस सोर्स कोडमधून तयार (कंपाइल) करायची साधनं, त्यांचंही तेच: आर ४.४ ला आरटूल्स ४४, ४.५ ला ४५. बहुतेक पॅकेजेस बायनरीच्या, म्हणजे आधीच कंपाइल केलेल्या, रूपात मिळतात, त्यामुळे आरटूल्स दरवेळी लागत नाही. पण लागलंच तर जुळणारंच हवं.

आता फोल्डर. सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये तुमच्या नावाचा फोल्डर असतो. लॅपटॉप घेतला तेव्हा हौसेने नाव देवनागरीत टाकलं असेल किंवा नाव-आडनावात जागा सोडली असेल, तर काही पॅकेजेस कंपाइल होताना त्या पत्त्यावरच अडखळतात. कधी चालतं, कधी नाही, आणि एररमध्ये कारण स्पष्ट येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव तसंच राहतं. साध्या इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता, नवं यूजर अकाउंट काढा आणि तिथे काम करा. वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये पॅकेजेस ठेवू नका, सिंक मध्येच फाइल धरून बसतं.

हॉस्टेलच्या वायफायवर असाल तर टाइमआउट वाढवा. आर मुळात एका डाउनलोडला ६० सेकंद देतं. माणसाच्या जनुकांचं ॲनोटेशन पॅकेज (जनुकांची नावं-माहिती असलेलं) तेवढ्यात उतरत नाही आणि अर्ध्यात तुटतं. कन्सोलमध्ये 'ऑप्शन्स' कमांडने टाइमआउट ६०० करा.

मग इन्स्टॉल करताना कन्सोलमध्ये प्रश्न येतील. सोर्समधून कंपाइल करू का? नाही. बाकीची पॅकेजेस अपडेट करू का, ऑल, सम, नन? आज नन. आणि लाल अक्षरं बघून घाबरू नका, आरस्टुडिओ साधे निरोपही लाल रंगात छापतं. 'अमुक आवृत्तीत बिल्ट' असा इशारा बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहिता येत नाही म्हणून बूट, मास वगैरे आरसोबतच येणारी पॅकेजेस अपडेट झाली नाहीत, ही तक्रारही सोडून द्या. 'एरर' आणि 'नॉन-झिरो एक्झिट स्टेटस' एवढेच शब्द शोधा. अनेक एरर असतील तर सर्वांत वरचा वाचा, खालचे त्याचीच पिल्लं असतात.

डीईसेक-२ आपली गरजेची पॅकेजेस स्वतः ओढून आणतं, पण एपीईजीएलएम हे पॅकेज आणत नाही. ते वेगळं मागा, नाहीतर फोल्ड चेंज (दोन गटांतला फरक किती पट) श्रिंक करण्याच्या, म्हणजे बेभरवशाचे मोठे आकडे आवरण्याच्या, पायरीला गाडी थांबते.

मध्येच बंद पडलं? लायब्ररीत '००लॉक' नावाचा फोल्डर उरला असेल तर उडवा, आर रीस्टार्ट, परत इन्स्टॉल. तात्पुरता फोल्डर हलवता येत नाही म्हणाला तर अँटिव्हायरस बघा. बसलं? पॅकेजेसच्या आवृत्त्या जुळतात का ते तपासणारं बायोकमॅनेजरचं 'व्हॅलिड' चालवा. सेशनइन्फो या कमांडचा मजकूर (आर आणि पॅकेजेसच्या आवृत्त्यांची यादी) फाइलमध्ये साठवा, पेपरच्या मेथड्समध्ये लागतो. त्याचीही पहिली ओळ आरची आवृत्तीच असते. वाचा.

आर ४.४ वरून ४.५ वर गेलात तर लायब्ररीचा फोल्डर नवा होतो आणि सगळी पॅकेजेस परत बसवावी लागतात. थीसिस सबमिट होईपर्यंत जुनं आर अनइन्स्टॉल करू नका.