दारू सोडल्यानंतर यकृताची तपासणी: केव्हा करावी, कशी वाचावी

रोज भरपूर दारू घेणाऱ्या व्यक्तीने ती एकदम बंद केली, तर पहिल्या काही दिवसांत यकृतापेक्षा दारू तुटल्याचा त्रासच अधिक धोक्याचा ठरतो. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भ्रमही होऊ शकतो, म्हणून हा टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पाडावा.

यकृताची पहिली रक्ततपासणी सुरुवातीलाच करून ठेवावी, मात्र तिच्यावरून निष्कर्ष काढू नये. एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींतली विकरे (एन्झाइम) इजा झाली की रक्तात वाढतात, आणि दारूमुळे झालेल्या इजेत बहुधा एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून अधिक असते. म्हणजे एक आकडा १३० आणि दुसरा ६०, असे काहीसे चित्र दिसते. दारू पूर्ण बंद राहिली की हे आकडे काही आठवड्यांत उतरू लागतात, जीजीटी या यकृताच्या आणखी एका विकराला थोडा अधिक वेळ लागतो, आणि यकृतात साठलेली चरबीही पुष्कळदा २ ते ६ आठवड्यांत ओसरते. त्यामुळे दुसरी तपासणी सुमारे सहा आठवड्यांनी करणे सोयीचे.

इथेच अनेकांची फसगत होते. एसजीओटी व एसजीपीटी नॉर्मल आले म्हणजे यकृत निर्दोष झाले, असे नव्हे. हे आकडे यकृताची सूज सांगतात, इजा भरून आल्यावर मागे राहिलेले व्रण सांगत नाहीत. सिरोसिस, म्हणजे अशा व्रणांनी यकृत कडक होणे, असतानाही ते नॉर्मल येऊ शकतात. म्हणून त्याच रिपोर्टात अल्ब्युमिन (यकृत बनवते ते प्रथिन) आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य) पाहावे, सीबीसी या रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीतील प्लेटलेट दीड लाखांच्या खाली तर नाहीत ना हे तपासावे, आणि शंका असल्यास डॉक्टरांशी बोलून फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारा स्कॅन) करावा. तोही दारू सोडल्याबरोबर करू नये, कारण सुजेमुळे यकृत प्रत्यक्षाहून अधिक कडक दिसते. सिरोसिस निश्चित झाल्यास दारू सुटली तरी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नये.

हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी एकदा करून घ्यावी. प्रथिने मुद्दाम कमी करू नयेत, उलट पुरेशी घ्यावीत. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, डॉक्टर देतील तसे घ्यावे. पॅरासिटामॉलची मात्रा त्यांना विचारूनच ठरवावी. ‘लिव्हर टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. त्यातली काही औषधेच यकृताला इजा करतात.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतात. डोळ्यांचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात पाहावा, कारण पिवळ्या दिव्याखाली कावीळ लपते. घोट्याच्या वर अंगठ्याने काही सेकंद दाबून पाहावे. खळगा तसाच राहिला तर सूज आहे, आणि तिचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. डोळे पिवळे दिसणे, पोट फुगत जाणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, किंवा दिवसा झोप, रात्री जाग आणि बोलण्यात गोंधळ, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.