ब्राझीलला जायचंय? मग कुठलं काम आधी उरकायचं ते बघा

ब्राझीलचं नाव काढलं की आपल्याकडे दोनच प्रश्न येतात, सेफ आहे का आणि व्हेज मिळतं का. दोन्हींबद्दल खाली लिहिलंय, पण त्याच्याही आधी एक सांगते, या ट्रिपमधली निम्मी डोकेदुखी घरातून निघायच्या आधीच टाळता येते, फक्त कामं योग्य क्रमाने व्हायला हवीत. लोक आधी तिकीट काढतात, मग हॉटेल, मग व्हिसा, आणि लसीचं शेवटच्या आठवड्यात कुणीतरी सांगतं तेव्हा धावपळ सुरू होते. तसं करू नका.

आधी नकाशा आणि कॅलेंडर

हा देश भारताच्या अडीचपटीहून मोठा आहे. साओ पाउलोहून मनाऊसला, म्हणजे ॲमेझॉनच्या जंगलाकडे जायचं तर विमानानेच चार तास लागतात. त्यामुळे दोन आठवड्यांत "पूर्ण ब्राझील" हा विचार डोक्यातून काढूनच टाका, तीन ठिकाणं निवडा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी रिओ, इग्वासूचे धबधबे आणि तिसरं ईशान्य किनाऱ्यावरचं साल्वादोर शहर किंवा ॲमेझॉन यातलं एक, असं सांगेन. ॲमेझॉनला कमीत कमी चार दिवस द्या, नाहीतर जाऊच नका, कारण जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात.

ऋतू आपल्या उलटे. डिसेंबर ते मार्च रिओ आणि साओ पाउलोत उन्हाळा असतो आणि पाऊसही तेव्हाच धो धो पडतो. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे पाऊस ओसरलेला असतो, हवा छान असते, रिओसाठी मस्त वेळ, पण साल्वादोरला नेमका तेव्हा पावसाचा सीझन असतो हे धरून चाला. ॲमेझॉनची नदी जूनच्या आसपास सगळ्यात भरलेली असते, तेव्हा होडी थेट झाडांच्या मधून जाते, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. जॅग्वार बघायचा असेल तर पांतानाल हा पश्चिमेकडचा मोठा पाणथळ प्रदेश, आणि तिथे जुलै ते ऑक्टोबर हा कोरडा काळ चांगला, दिवाळी ऑक्टोबरात आली तर जमून जातं. डिसेंबरचा शेवट आणि कार्निव्हल (फेब्रुवारी किंवा मार्चच्या सुरुवातीला, तारीख दरवर्षी बदलते) या काळात रिओत हॉटेलांचे दर कितीतरी पटींनी चढतात, तेव्हाच जायचं असेल तर बरेच महिने आधी बुक करा.

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पाउलोला जाता येतं, आणि दुबईच्या पुढचा टप्पाच चौदा-पंधरा तासांचा आहे. अमेरिकेतून जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर लगेच भुलू नका, नुसतं विमान बदलायलाही आपल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे, त्यामुळे उतरल्याच्या दिवशी काहीही प्लॅन ठेवू नका, आणि घरात ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दुसराही दिवस हलकाच ठेवा.

यलो फीव्हरची लस

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून नीट वाचा. भारतातून गेलात तर ब्राझील तुमच्याकडे यलो फीव्हरचं कार्ड, म्हणजे लस घेतल्याचं सर्टिफिकेट, मागत नाही, म्हणून लोकांना वाटतं लस लागत नाही. पण कार्ड मागतो आपला भारत, परत येताना. ब्राझील यलो फीव्हर असलेल्या देशांच्या यादीत आहे, आपल्याकडे तो आजार नाही पण तो पसरवणारा डास मात्र भरपूर आहे, म्हणून आपलं सरकार याबाबतीत अजिबात सूट देत नाही आणि ते बरोबरच आहे. कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारने ठरवून दिलेल्या सेंटरवरच घ्यावी लागते. आरोग्य मंत्रालयाच्या साइटवर राज्यवार यादी आहे, मुंबईत एअरपोर्ट आणि पोर्टच्या आरोग्य कार्यालयांत देतात. एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे बहुतेक सेंटर ठरावीक वारी आणि आधी अपॉइंटमेंट घेतलेल्यांनाच बोलावतात, म्हणून दीड-दोन महिने आधी नंबर लावा. सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी वैध होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी परत टोचून घ्यायची गरज नाही. पासपोर्ट ओरिजिनल घेऊन जा, त्या पिवळ्या कार्डावर नाव आणि पासपोर्ट नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून तपासा, नंतर दुरुस्तीला परत खेप पडते.

आणि हे महत्त्वाचं, ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, नऊ महिन्यांच्या आतलं बाळ, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणं, किंवा वय साठच्या पुढे, यातलं काहीही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. म्हणूनच म्हणते, तिकिटाच्या आधी लस. आई-बाबांना ती चालणार नाही असं तिकीट काढल्यावर कळलं तर सगळ्यांचाच हिरमोड होतो.

व्हिसाही लागतोच, मुंबईत ब्राझीलचं कॉन्सुलेट आहे, कागदपत्रांची यादी त्यांच्याच साइटवरून घ्या, एजंटने फॉरवर्ड केलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका. इग्वासूला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, धबधब्याचा मोठा भाग पलीकडे अर्जेंटिनात आहे आणि तिकडे एका दिवसासाठी जायचं तरी त्या देशाचा परवाना वेगळा बघावा लागतो. तो नसेल तर हळहळू नका, अख्ख्या धबधब्याचा एकत्र देखावा ब्राझीलच्याच बाजूने दिसतो.

पैसे, फोन, प्लग

चलन रेआल, तिकडचे लोक त्याचा उच्चार "हेआउ" असा करतात, ऐकून दचकू नका, शब्दाच्या सुरुवातीचा र ते ह सारखा बोलतात. पेमेंटसाठी तिकडे सगळीकडे पिक्स चालतं, तिथल्या रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलेलं, आपल्या यूपीआयसारखंच, पण त्याला तिथलं बँक खातं लागतं त्यामुळे टुरिस्टने त्याच्या भरवशावर राहू नये. कार्ड मात्र शहाळंवाल्याकडेसुद्धा चालतं. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि टॅप पेमेंट दोन्ही चालू करा, आणि दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोन वेगळ्या बॅगांत ठेवा. मशीनवर रुपयात की रेआलमध्ये असं विचारलं तर नेहमी रेआलच निवडा. एटीएम बँकेच्या किंवा मॉलच्या आतलंच वापरा आणि दिवसाच वापरा, रात्री पैसे काढण्यावर मर्यादाही असते. आकडे वाचताना जरा जपून, तिकडे स्वल्पविराम आणि टिंब उलटे असतात, १.५००,०० म्हणजे दीड हजार.

फोनला ई-सिम घेऊन जा. तिथलं प्रीपेड सिम घ्यायला गेलं की तिथला टॅक्स नंबर मागतात, पासपोर्टवर देणारी दुकानं असतात पण शोधण्यात अर्धा दिवस जातो. व्हॉट्सॲपवर अख्खा देश चालतो, हॉटेल, टूरवाले, डेंटिस्टसुद्धा, त्यामुळे आपला भारतातला नंबर चालू ठेवा.

विजेचं मात्र विचित्र आहे, एकाच देशात दोन व्होल्टेज. रिओ आणि साओ पाउलोत १२७ व्होल्ट, ब्राझिलिया आणि रेसिफेला २२०. फोन-लॅपटॉपच्या चार्जरला काही फरक पडत नाही, बारीक दोन पिनांचा चार्जर त्यांच्या सॉकेटमध्ये बहुतेक वेळा बसतोही, पण मॅगी-उपम्यासाठी आपली इलेक्ट्रिक केटल नेणार असाल तर १२७ वर ती तिसऱ्या हिश्श्याच्याही आत ताकदीने चालेल, पाणी उकळेपर्यंत भूक मरून जाईल. साध्या हॉटेलात गिझर नसतो, शॉवरच्या तोंडातच कॉइल असते आणि वायर वर दिसत असते. नळ जितका कमी सोडाल तितकं पाणी गरम येतं. ओल्या हाताने वरच्या बटणाला हात लावायचा नाही, मुलांना हे आधीच सांगून ठेवा. आणि टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकत नाहीत, शेजारच्या डब्यात टाकतात.

व्हेज लोकांनी काय करायचं

मिळतं, आणि चांगलं मिळतं, फक्त मागायचं कसं ते कळलं पाहिजे. "कार्नी" म्हणजे मांस नको एवढंच सांगितलंत तर समोरचा ते बीफ असं धरतो आणि प्रेमाने चिकन किंवा हॅम घातलेलं आणून देतो, त्यात फसवण्याचा हेतू मुळीच नसतो. म्हणून पूर्ण यादी सांगायची: "नाँव कोमु कार्नी, नें फ्रांगु, नें पेशी, नें प्रेझुंतु", म्हणजे मांस, चिकन, मासे, हॅम यातलं काहीच खात नाही. हे मोबाइलवर पोर्तुगीजमध्ये मोठ्या अक्षरात टाइप करून स्क्रीनशॉट ठेवा.

दुपारचं जेवण "पोर कीलो" हॉटेलात घ्या, ही व्हेजवाल्यांसाठी तिकडची सगळ्यात उत्तम सोय आहे. बुफे मांडलेला असतो, भात, काळा किंवा तांबडा घेवडा, भोपळा, भेंडी, बीट, केळ्याचे तळलेले काप, भरपूर सॅलड, डोळ्यांनी बघून हवं ते ताटात घ्यायचं, शेवटी काट्यावर ताट ठेवायचं, वजनाप्रमाणे बिल. बिल लगेच देत नाहीत, एक चिठ्ठी किंवा प्लास्टिकचं कार्ड देतात, कोमांदा म्हणतात त्याला, पाणी-ज्यूस घेतलं तर त्याच्यावरच चढतं आणि दाराजवळच्या काउंटरवर ते दाखवून पैसे भरायचे. ते कार्ड जपा, हरवलं तर बाहेर पडताना कटकट होते. घेवड्याच्या भांड्यात मात्र आधी चमचा फिरवून बघा, पुष्कळदा त्यात बेकन असतं, आणि विचारायला अजिबात संकोच करू नका. साडेबारा-एकच्या आत गेलात तर सगळं ताजं असतं.

नाश्त्याला पाँव जी केझू, साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कंदाच्या पिठाचे चीजचे गोळे, बाहेरून खुसखुशीत आणि आत ताणले जाणारे, पण त्यात अंडं असतं हे लक्षात घ्या. अंडं नको तर तापिओका मागा, तव्यावर त्याच पिठाचं धिरडं करून आत चीज किंवा खोबरं घालतात. साल्वादोरला पांढऱ्या कपड्यांतल्या बायका रस्त्यावर आकाराजे तळतात, चवळी भिजवून, वाटून, कांदा घालून पाम तेलात, अगदी आपल्या वड्यासारखं, या कलेला तिथल्या सरकारने २००५ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून मान दिलाय. आतल्या सारणात कोळंबी असते, म्हणून नुसतं तळलेलंच घ्या. आणि आठवडी बाजारात उसाचा रस, बोंडूचा रस दोन्ही मिळतात, कोकणातल्या माणसाने बोंडूचा रस प्यायलाच पाहिजे, काजूचं झाड मूळचं तिथलंच.

रेस्टॉरंटच्या बिलात दहा टक्के सर्व्हिस आधीच धरलेली असते, वर टिप द्यायची गरज नाही. न मागता टेबलावर ब्रेड-ऑलिव्ह आले तर त्याचे पैसे लागतात, नको असेल तर लगेच परत पाठवा.

रस्त्यावर वावरताना

धोका आहे हे लपवण्यात अर्थ नाही, पण तो बहुतांशी फोनचा आहे. रिओ आणि साओ पाउलोत फुटपाथच्या कडेला उभं राहून फोन बघत बसलात की सायकल किंवा मोटरसायकलवाला तो हातातून खेचून नेतो, सेकंदही लागत नाही. म्हणून उबर बुक करायची तर मेडिकलच्या किंवा कुठल्याही दुकानात आत जा, आतूनच बुक करा, गाडीचा नंबर पाठ करा, फोन खिशात टाका आणि गाडी आली की मगच बाहेर या. गाडीत बसून फोन वापरताना काच वर. मंगळसूत्र आणि सोनं घरीच ठेवा. बीचवर टॉवेल, थोडी कॅश, एक कार्ड, एवढंच न्या. कुणी अडवलंच तर द्या आणि बाजूला व्हा, वाद घालू नका.

रिओत स्वतः गाडी चालवू नका, मॅप कधी कधी जवळचा रस्ता म्हणून फावेलातून, म्हणजे तिथल्या झोपडपट्टीतून नेतो आणि तिथे अनोळखी गाडी शिरणं जिवावर बेतू शकतं. दोन शहरांमधल्या बस मात्र बिनधास्त घ्या, रिओ ते साओ पाउलो साधारण सहा तास, "लेइतो" क्लासची सीट जवळपास आडवी होते, पासपोर्ट जवळ ठेवा. रिओतल्या डोंगरावरच्या येशूच्या पुतळ्याचं तिकीट आठवडाभर आधी काढण्यापेक्षा सकाळी उठून डोंगराकडे बघा, वर ढग असतील तर गेलात तरी समोर नुसतं पांढरं दिसणार. रेसिफेच्या बोआ व्हियाजें बीचवर शार्कचे बोर्ड आहेत, ते खरे आहेत, पाण्यात जाऊ नका.

इंग्रजी फार कमी जणांना येतं, तरी लोक मदतीला लगेच धावतात. दुकानात शिरताना "बों जीआ", दुपारनंतर "बोआ तार्जी" म्हणा, आभार मानताना पुरुषाने "ओब्रिगादु", बाईने "ओब्रिगादा". अंगठा वर करणं सगळीकडे चालतं, पण अंगठा आणि तर्जनी जोडून छान म्हणायची खूण करू नका, तिकडे ती शिवी आहे.

आजारी पडलात तर

डेंग्यू आहे, त्यामुळे डासांचं क्रीम दिवसाही लावा, ॲमेझॉनला जाणाऱ्यांनी मलेरियाचं डॉक्टरांना विचारून घ्या. ॲम्ब्युलन्स १९२, पोलीस १९०, फायर ब्रिगेड १९३. सरकारी दवाखान्यात इमर्जन्सीला परदेशी माणसालाही फुकट उपचार मिळतात, पण गर्दी असते, खासगीत जायचं तर बिल मोठं येतं, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना हॉस्पिटलची रक्कम बघून काढा. नेहमीच्या गोळ्या पूर्ण ट्रिप पुरून आठवडाभर जास्त होतील एवढ्या, प्रिस्क्रिप्शनसकट आणि हातातल्या बॅगेत ठेवा. पासपोर्ट गेला तर आपला दूतावास ब्राझिलियात आहे आणि कॉन्सुलेट साओ पाउलोत, दोन्हींचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवा, कारण फोनच गेला असेल तर फोनमध्ये सेव्ह केलेला नंबर कामाचा नाही.