होम लोन लवकर फेडा, पण हाताशी पैसे ठेवून

ऑस्ट्रेलियात घराच्या किल्ल्या हातात पडल्या, वास्तुशांत उरकली, की आपल्या माणसांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे कर्ज लवकर कसं संपवायचं? इथे ३० वर्षांचं लोन सर्रास देतात. पस्तिशी-चाळिशीत इथे आलेल्या माणसाला तो आकडा बघूनच धडकी भरते, कारण डोक्यावर कर्ज ठेवून झोपायची आपल्याला सवय नाही. मग सुरुवातीच्या जोशात उरलेला प्रत्येक डॉलर लोनमध्ये जातो, गाडीचं इन्शुरन्स आलं की ते क्रेडिट कार्डवर चढतं आणि कार्डाचं व्याज होम लोनच्या तिप्पट असतं. बरीच वर्षं हे आजूबाजूच्या घरांत बघते आहे. म्हणून नवीन आलेल्यांना माझं सांगणं असं, की लवकर फेडायचंच, पण पैसा लोनमध्ये पुरून टाकायचा नाही. तो लोनच्या शेजारी ठेवायचा. त्याची सोय इथल्या बँकांनी केलेली आहे, फक्त आपल्याला ती भारतात पाहायला मिळालेली नसते.

त्याआधी तिकडचे दोन हिशोब डोक्यातून काढून टाका. पहिला टॅक्सचा. भारतात जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या लोनवरचं दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, त्यामुळे ‘लोन असलेलं बरं, टॅक्स वाचतो’ असं म्हणणारा एक तरी काका प्रत्येक घरात असतो. ऑस्ट्रेलियात स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर एका डॉलरचीही सवलत नाही. सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला. म्हणजे राहत्या घराचं लोन रेंगाळत ठेवण्यात तुमचा काहीही फायदा नाही.

दुसरा हप्त्याचा. तिकडे व्याजदर वाढला की बँक बहुतेक वेळा ईएमआय तोच ठेवते आणि वर्षं वाढवते. इथे उलटं आहे. व्हेरिएबल, म्हणजे दर बदलत राहणाऱ्या, लोनवर वर्षं तीच राहतात आणि हप्ता वाढतो. आपल्या आरबीआयच्या जागी इथे आरबीए आहे. तिचा कॅश रेट, म्हणजे मूळ व्याजदर, मे २०२२ च्या सुरुवातीला ०.१० टक्के होता, नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ४.३५ वर गेला. सहा लाख डॉलरच्या तीस वर्षांच्या लोनला ३ टक्क्यांनी महिन्याला साधारण २,५३० डॉलर पडतात, ६ टक्क्यांनी ३,५९७. दीड वर्षात महिन्याचा खर्च हजार डॉलरने वाढणं म्हणजे काय, हे त्या काळात घर घेतलेल्या कोणालाही विचारा. लोन देताना बँक तुम्हाला चालू दरापेक्षा ३ टक्के जास्त धरून तपासते, ऑक्टोबर २०२१ पासून एप्रा या बँकांच्या नियामक संस्थेचा तसा दंडक आहे. पण बँकेच्या तपासणीत पास झालात म्हणून तो हप्ता सुखाने भराल असं मात्र नाही.

आता मुद्दलाकडे. सहा लाख, ६ टक्के, ३० वर्षं. पहिल्या महिन्याच्या ३,५९७ मधले ३,००० निव्वळ व्याज, मुद्दल कमी होतं ५९७ ने. असंच तीस वर्षं भरत राहिलात तर एकूण व्याज जवळजवळ ६ लाख ९५ हजार, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. याच लोनवर पहिल्या दिवसापासून महिन्याला ५०० डॉलर जास्त टाकले, तर ते २२ वर्षांत संपतं आणि व्याजाचे २ लाख १० हजारांहून जास्त वाचतात. हेच ५०० डॉलर पंधराव्या वर्षी सुरू केलेत तर वाचणारी रक्कम याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे ‘आधी जरा स्थिरस्थावर होऊ, मग बघू’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच म्हणते, की शंभर डॉलरने सुरू करा, पण आत्ता करा.

फक्त ते पैसे टाकायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. जागा दोन. एक म्हणजे थेट लोनमध्ये जादा भरणं. ते पैसे पुन्हा लागले तर रीड्रॉ करून काढता येतात. दुसरी म्हणजे ऑफसेट अकाउंट. हे साधं बँक खातं असतं, कार्ड असतं, पगार त्यात जमा होतो, बिलं त्यातून जातात. फरक इतकाच की त्यातली शिल्लक लोनच्या रकमेतून वजा धरून उरलेल्यावर व्याज लावतात. लोन सहा लाख आणि ऑफसेटमध्ये वीस हजार असतील, तर व्याज ५ लाख ८० हजारांवर. इथे व्याज रोजच्या शिलकीवर मोजलं जातं, त्यामुळे पगार जमा झाल्यापासून बिलं जाईपर्यंतचे दहा-बारा दिवससुद्धा कामाला येतात.

नवीन माणूस लगेच विचारतो, सेव्हिंग खात्यात ५ टक्के मिळतात, मग ऑफसेट कशाला? हिशोब करू. वीस हजारांवर ५ टक्क्यांनी वर्षाला हजार डॉलर व्याज मिळेल. ते तुमच्या उत्पन्नात धरलं जातं. वर्षाला ४५ हजार ते १ लाख ३५ हजार कमावणाऱ्याला ३० टक्के टॅक्स आणि वर २ टक्के मेडिकेअर लेव्ही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठीचा कर. हातात राहिले ६८०. तेच वीस हजार ऑफसेटमध्ये ठेवलेत तर ६ टक्क्यांनी १,२०० डॉलर व्याज वाचलं, आणि वाचलेल्या व्याजावर टॅक्स नसतो. माझ्या मते घराचा सगळा आपत्कालीन पैसा, मुलांच्या नावाने बाजूला ठेवलेला, भारतवारीसाठी साठवलेला, सगळा ऑफसेटमध्येच असावा. काही बँका एका लोनला अनेक ऑफसेट खाती जोडू देतात, त्यामुळे प्रत्येक कामाचा पैसा वेगळाही दिसतो.

रीड्रॉ वाईट नाही. ज्यांचा हात सढळ आहे, खात्यात दिसले की खर्च होतात, त्यांच्यासाठी रीड्रॉच बरा. शिवाय ऑफसेटवाल्या लोनला बहुधा वर्षाची फी असते किंवा दर थोडा जास्त असतो. ऑफसेटमध्ये चार-पाच हजारच राहणार असतील तर वर्षाला तीन-चारशे डॉलर फी भरण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ऑफसेटमधला पैसा तुमचा असतो. रीड्रॉमधला पैसा तुम्ही बँकेला परत केलेला असतो आणि तो पुन्हा देण्याच्या अटी बँक बदलू शकते. नोकरी गेली त्याच आठवड्यात हा फरक नीट कळतो.

दुसरा फरक टॅक्सचा आहे आणि तो फार लोक आधी विचारात घेत नाहीत. आपल्यातल्या बऱ्याच घरांचा बेत असा असतो, की पहिलं छोटं घर पुढे भाड्याने द्यायचं आणि मोठं घ्यायचं. समजा सहा लाखांच्या लोनमध्ये तुम्ही दोन लाख जादा भरले आणि नवीन घरासाठी ते रीड्रॉ केले. जुनं घर आता भाड्याने आहे, लोन पुन्हा सहा लाख दिसतंय, पण त्या दोन लाखांचा वापर तुमच्या राहत्या घरासाठी झाला. त्यामुळे त्या भागाच्या व्याजाची वजावट मिळत नाही. तेच दोन लाख ऑफसेटमध्ये असते तर काढून नवीन घराला लावता आले असते आणि जुन्या लोनचं सगळं व्याज भाड्यातून वजा झालं असतं. असा बेत असेल तर पहिल्या वर्षीच अकाउंटंटला विचारा, नंतर दुरुस्त करता येत नाही.

पंधरवड्याच्या हप्त्याबद्दल इथे प्रत्येक जण सांगेल. युक्ती खरी आहे. वर्षात २६ पंधरवडे, दर पंधरवड्याला निम्मा हप्ता भरला की वर्षात तेरा हप्ते जातात आणि वरच्या उदाहरणातलं लोन पाच वर्षांहून जास्त आधी संपतं. मेख अशी, की काही बँका निम्मा हप्ता घेतच नाहीत. त्या वर्षाचे बारा हप्ते एकत्र करून २६ ने भागतात. ३,५९७ चा निम्मा १,७९९ होतो, आणि तुमच्या ॲपमध्ये १,६६० दिसत असेल तर तुम्ही पंधरवड्याला भरताय खरं, पण वर्षाला जात आहेत बाराच हप्ते. आजच ॲप उघडून बघा. रक्कम स्वतः बदलता येते.

आता संसार. पहिल्या वर्षी घरं अडखळतात ती दर आठवड्याच्या किराण्यावर नाही, तर तीन महिन्यांनी किंवा वर्षाने येणाऱ्या बिलांवर. आमच्याकडे जुलै उजाडला की जेवणाच्या टेबलावर एक यादी होते: काउन्सिल रेट्स (घरपट्टी), पाणी, दोन गाड्यांचा रेगो (नोंदणी) आणि इन्शुरन्स, घराचं इन्शुरन्स, हिवाळ्यातलं गॅसचं बिल, शाळेचे युनिफॉर्म आणि कॅम्प, मुलाच्या क्रिकेटची फी. युनिट किंवा टाउनहाउस असेल तर स्ट्राटा, म्हणजे सोसायटीची वर्गणी, आहेच. समजा बेरीज १२ हजार आली, तर ती २६ ने भागायची, साधारण ४६० डॉलर. पगाराच्या दिवशी एवढे दुसऱ्या ऑफसेट खात्यात आपोआप जातात, आणि त्यानंतर उरेल त्यातून लोनचा जादा भरणा ठरतो. हा क्रम उलटा करू नका. जादा भरणा इतकाच ठेवा, की सगळी बिलं एकदम आलेल्या महिन्यातही तो चालू राहील. चार महिने दोन हजार भरून पाचव्या महिन्यात थांबणाऱ्यापेक्षा सलग पाचशे भरणारा पुढे जातो.

मूल लहान असेल तर चाइल्डकेअर हा हप्त्याच्या खालोखालचा खर्च असतो. चाइल्ड केअर सबसिडी दोघांच्या मिळून उत्पन्नावर ठरते, म्हणून एकाचे कामाचे दिवस वाढवण्याआधी वाढीव पगारातून टॅक्स आणि चाइल्डकेअर जाऊन काय उरतं ते मोजा. त्या वर्षांत लोनमध्ये जादा काही गेलं नाही तरी चालेल, खरंच चालेल. मूल प्रेपला किंवा सिडनीकडे म्हणतात तसं किंडीला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात गेलं, की त्यातला मोठा भाग मोकळा होतो. शाळेच्या पहिल्याच महिन्यात तो भाग हप्त्याला जोडा. दोन-तीन महिने तो खात्यात नुसता राहिला, की कुठे जिरला ते सापडत नाही.

व्याजदर कमी झाला तरी हेच. बँकेचं पत्र येतं, नवीन किमान हप्ता इतका. काही बँका जुना हप्ता आपोआप चालू ठेवतात, काही कमी करून टाकतात. आपण जुनाच चालू ठेवायचा, फरक मुद्दलात जातो आणि घराला जाणवतही नाही, कारण त्या हप्त्यात जगायची सवय झालेली असते.

भारतातल्या एफडीचा प्रश्न प्रत्येक गप्पांत निघतो. तिकडे ७ टक्के, इथे लोन ६ टक्के, मग तिकडेच ठेवलेले बरे ना? एनआरई, म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या, खात्याचं व्याज भारतात करमुक्त, हे बरोबर. पण पीआर (कायमच्या वास्तव्याचा व्हिसा) मिळाला की जगभरचं उत्पन्न इथल्या टॅक्समध्ये येतं आणि त्यात एनआरईचं व्याजही आलं. तात्पुरत्या व्हिसावर असेपर्यंत बहुतेकांना ते लागत नाही, त्यामुळे अनेकांना हा बदल झाल्याचं कळतच नाही. ३२ टक्के कर गेल्यावर सातचे पावणेपाच उरतात, आणि रुपया घसरला तर तेही नाहीत. आईवडिलांच्या औषधपाण्यासाठी, येण्याजाण्यासाठी तिकडे रक्कम ठेवा, ती ठेवायलाच हवी. नफ्यासाठी मात्र ठेवू नका.

फिक्स्ड, म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत दर न बदलणाऱ्या, लोनबद्दल थोडक्यात. जादा भरण्यावर बहुधा वर्षाची मर्यादा असते, ऑफसेट सहसा मिळत नाही आणि मुदतीआधी मोडलं तर ब्रेक कॉस्ट, म्हणजे बँकेला भरपाई, द्यावी लागू शकते. हप्त्याची खात्री हवी असेल तर लोनचे दोन भाग करून एक फिक्स्ड, एक ऑफसेटसह व्हेरिएबल ठेवता येतात. व्हेरिएबल लोन मात्र सोडायला सोपं आहे, कारण १ जुलै २०११ नंतरच्या अशा लोनवर एक्झिट फी घ्यायला बंदी आहे. या सोयीचा वापर करा. वर्षातून एकदा बँकेला फोन करून विचारा, की आज नवीन ग्राहकाला माझ्यासारख्या लोनवर काय दर देता? जुन्या ग्राहकांकडून जास्त दर घेतला जातो हे एसीसीसी या ग्राहक आयोगाने २०२० च्या अहवालात नोंदवलं आहे. आपल्याला भाव करायची लाज वाटत नाही, फक्त तो बँकेतही करायचा असतो हे माहीत नसतं. दर खरोखर उतरला तर हप्ता तोच ठेवायचा, हे वर आलंच आहे.

हप्ता भरणं अशक्य होईल असं दिसायला लागलं तर चुकण्याआधी बँकेला हार्डशिपसाठी, म्हणजे अडचणीच्या काळात हप्त्यात सवलत मिळावी म्हणून, अर्ज करा. कायद्याने बँकेला त्यावर विचार करून उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर पटलं नाही तर आफ्का या तक्रार संस्थेकडे फुकट जाता येतं. नातेवाइकांकडून उसने घेऊन हप्ता भरत बसण्याची वेळ त्यानंतरची.

आणि लोन शून्यावर आणण्याचा दिवस जवळ आला, की एक कागदी काम लक्षात असू द्या. शिल्लक शून्य झाली म्हणून घराच्या टायटलवरचं (मालकीच्या नोंदीवरचं) बँकेचं नाव आपोआप निघत नाही. डिस्चार्जचा, म्हणजे ते नाव काढण्याचा, फॉर्म तुम्हीच भरायचा असतो, बँकेची आणि राज्याच्या नोंदणीची मिळून काहीशे डॉलर फी लागते आणि काम व्हायला दोन-तीन आठवडे तरी जातात. पुढे दुसरं घर घ्यायचं असेल आणि याच घरावर पुन्हा कर्ज लागणार असेल, तर डिस्चार्ज न करता ऑफसेट लोनइतका भरून ठेवणं जास्त सोयीचं पडतं. व्याज शून्य आणि पैसा हाताशी. ती वर्षाची फी तेवढी भरत राहावी लागेल.