नाल्याचे पाणी नदीला मिळण्यापूर्वी शुद्ध कसे करावे

वर्धा, पैनगंगा किंवा पूर्णेच्या काठी वसलेल्या, दहा हजार वस्तीच्या गावात सांडपाण्याचा विषय निघाला की बोलणे लगेच यंत्रांवर येते. खरे तर कामाची सुरुवात मोजणीने करावी, आणि ती मे महिन्यात करावी. कारण त्या दिवसांत नदीला धार उरत नाही आणि नाल्याचे पाणी विरळ न होता तसेच डोहात साचते. खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारट असल्याने नदी बिघडली की दुसरा आधार राहत नाही.

मोजणीसाठी नाल्याचा सरळ वाहणारा १० मीटरचा भाग निवडून लाकडाचा तुकडा सोडावा आणि तो किती सेकंदांत पलीकडे पोहोचतो ते पाहावे. रुंदी, सरासरी खोली आणि वेग यांचा गुणाकार करून त्याचे ८० टक्के धरावेत, कारण पृष्ठभागावरचे पाणी तळापेक्षा जोराने धावते. अर्धा मीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर खोल नाल्यात तुकड्याला ४० सेकंद लागले, तर प्रवाह सेकंदाला १२ लिटर भरतो. सकाळी पाणी जास्त आणि मध्यरात्रीनंतर अगदी कमी असते, म्हणून चोवीस तास दर तासाला नोंद घेऊन सरासरी काढावी. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातील ८० टक्के सांडपाणी असा हिशेब केल्यास दहा हजार लोकांचे रोज १०,८०,००० लिटर होतात. मोजलेला आकडा याहून फारच वेगळा आला, तर पाणी कोठे मुरते किंवा कोठून येते ते शोधावे.

यानंतर मैल्याची वाट वेगळी करावी. सेप्टिक टँक उपसणारा टँकर नाल्यात रिकामा होत असेल, तर पुढचा सारा खर्च वाया जाईल. तो गाळ वाळू-खडीच्या वाफ्यावर पसरून वाळवावा. टाकीत माणूस उतरवू नये; २०१३ च्या कायद्याने त्यास बंदी आहे.

शुद्धीकरणासाठी वीज न लागणारी तळ्यांची साखळी मला सर्वांत योग्य वाटते, कारण विदर्भाचे ऊन येथे कामाला येते. आधी लोखंडी जाळी आणि वाळू बसण्याची चर असावी, मग दोन ते पाच मीटर खोल तळे, ज्यात गाळ कुजतो. त्यापुढे दीड मीटरच्या आसपासची उथळ तळी, ज्यात शेवाळ दिवसा प्राणवायू पुरवते आणि ऊन रोगजंतू मारते. पाणी एकूण बारा दिवस थांबवायचे आणि सरासरी खोली दीड मीटर धरली, तर वरील प्रवाहासाठी दोन एकरांहून थोडे अधिक पाण्याचे क्षेत्र लागते. बांध आणि रस्ता वेगळा. जागा पूररेषेच्या बाहेर आणि वस्तीपासून किमान २०० मीटर दूर घ्यावी.

काळ्या जमिनीचा स्वभाव येथे ओळखावा लागतो. ओली असेपर्यंत ती फुगून तळ घट्ट धरते, परंतु पाण्याच्या पातळीवर उघडा राहिलेला बांध उन्हाळ्यात भेगाळतो; म्हणून बांधाला मुरमाचा थर आणि आतून दगडांचे अस्तर, म्हणजे पिचिंग करावे. याच फुगण्यामुळे घरोघरचे शोषखड्डे काळ्या मातीत पावसाळ्यात तुंबतात.

काठावरचे गवत आणि तरंगणारी साय दर आठवड्याला काढावी. हे काम किरकोळ समजू नये, कारण हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो आणि पूर्व विदर्भाने हा रोग फार भोगला आहे.

शेवटच्या तळ्याचे पाणी दर महिन्याला प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. बीओडी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावा. आंघोळीयोग्य नदीत मात्र तो ३ च्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम लागतो. हा फरक नदीची धारच भरून काढते, म्हणून उन्हाळ्यात हे पाणी पात्रात न सोडता झाडांना किंवा कपाशीला द्यावे. पालेभाजीला देऊ नये.