वसाहतकालीन अमेरिका आणि गुलामांचा व्यापार: अभ्यास करताना या चुका टाळा

सर्वांत जास्त दिसणारी चूक कापसाची. अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईत आलेली कापसाची तेजी आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे गुलामगिरी म्हटलं की कापसाचे मळेच आठवतात. पण १७७६ पूर्वीच्या, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होण्याआधीच्या १३ ब्रिटिश वसाहतींत कापूस किरकोळ होता. सरकी झटपट वेगळी करणारं यंत्र १७९३ मध्ये आलं. त्याआधी व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये तंबाखू होता, तर दक्षिण कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर भात आणि पुढे नीळ. तिथल्या दलदलीत बांध घालून खाचरं उभी करणाऱ्यांपैकी अनेकजण पश्चिम आफ्रिकेच्या भातपट्ट्यातून पकडून आणलेले होते. १७०८ च्या सुमारास त्या वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळे लोक जास्त होते.

‘गुलामगिरी दक्षिणेत, व्यापार-उद्योग उत्तरेत’ ही विभागणी तर मला धोकादायकच वाटते. गुलामगिरीला कायद्यात जागा देणारी पहिली वसाहत उत्तरेतली, मॅसॅच्युसेट्स, तीही १६४१ मध्ये. ऱ्होड आयलंडच्या न्यूपोर्टमधून रम भरलेली जहाजं आफ्रिकेला जात आणि तिच्या बदल्यात माणसं घेत. ती रम कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या काकवीची, आणि तो ऊस गुलामांनी तोडलेला. न्यू इंग्लंडची (मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड वगैरे ईशान्येकडच्या वसाहतींची) हलक्या प्रतीची खारवलेली कॉड मासळी त्याच बेटांवर गुलामांना खाऊ घालायला जाई. पिंपांच्या फळ्या, घोडे, फिलाडेल्फियाचं पीठ यांचंही मोठं गिऱ्हाईक तिथेच होतं. म्हणजे बोस्टनचा एखादा कोळी कुणाचाही मालक नसला, तरी त्याची चूल या व्यवस्थेवर पेटत होती. प्रश्नाचं उत्तर लिहिताना हा धागा सोडू नका.

‘त्रिकोणी व्यापारा’चा, म्हणजे उत्तरेची बंदरं, आफ्रिका आणि कॅरिबियन बेटं यांना जोडणाऱ्या व्यापाराचा नकाशा काढाल, तर प्रत्येक जहाज तिन्ही बाजू फिरायचं असं समजू नका. बरीच जहाजं फक्त बेटं आणि उत्तरेची बंदरं यांच्यात ये-जा करत.

आकड्यांतही गफलत होते. आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांवर चढवली गेली, त्यांतली सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. उत्तर अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट आली ती ४ लाखांहून कमी. बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियनमध्ये गेली. म्हणून इथला प्रश्न लहान होता, असा निष्कर्ष काढू नका. मूल गुलाम की मुक्त हे आईवरून ठरेल, असा कायदा व्हर्जिनियाने १६६२ मध्ये केला. त्यामुळे आयात थोडी असली तरी गुलामगिरी पुढच्या पिढ्यांत चालू राही; गुलाम आईच्या पोटी आलेलं मालकाचं स्वतःचं मूलही त्याची मालमत्ता ठरे. आयातीचा आकडा लिहाल तिथे हा कायदाही लिहा.