सी भाषेत क्विकसॉर्ट लिहिताना या चुका टाळा

आकडे क्रमाने लावणाऱ्या क्विकसॉर्टचा प्रोग्राम जेमतेम वीस-पंचवीस ओळींचा असतो आणि हाताने भरलेल्या आठ-दहा आकड्यांवर तो बहुधा बरोबर उत्तरही देतो; त्यामुळे त्यातली चूक कंपायलरच्या नजरेला पडत नाही आणि प्रॅक्टिकलच्या वहीत सुखेनैव नांदते.

सर्वाधिक घोळ होतो तो पार्टिशनच्या, म्हणजे पिव्हट म्हणून निवडलेल्या घटकाच्या आधारे यादीचे लहान आणि मोठ्या घटकांचे भाग पाडण्याच्या, दोन पद्धतींची सरमिसळ केल्याने. १९६१ मध्ये क्विकसॉर्ट प्रसिद्ध करणारे टोनी होअर यांच्या पद्धतीत दोन इंडेक्स (० पासून मोजलेले जागेचे क्रमांक) दोन टोकांकडून एकमेकांकडे सरकतात, तर लोमुटो पद्धतीत एकच फेरी डावीकडून उजवीकडे जाते आणि शेवटी पिव्हट आपल्या कायमच्या जागी बसतो. म्हणून लोमुटोमध्ये पुढचे रिकर्सन (प्रत्येक भागासाठी फंक्शनने स्वतःलाच हाक मारणे) पिव्हटची जागा वगळून, म्हणजे ‘लो ते पी-१’ आणि ‘पी+१ ते हाय’ असे करायचे असते (लो आणि हाय ही भागाची दोन टोके, पी हा पार्टिशनने परत दिलेला इंडेक्स). होअरमध्ये मात्र परत आलेला इंडेक्स ही केवळ सीमा असते, तेथे पिव्हट असेलच असे नाही. त्यामुळे तेथे ‘लो ते पी’ आणि ‘पी+१ ते हाय’ असेच लिहावे लागते. पहिला घटक पिव्हट धरून [३, १, २] यावर होअरचे पार्टिशन चालवले, तर अ‍ॅरे [२, १, ३] होतो आणि इंडेक्स १ परत येतो. येथे लोमुटोच्या सीमा वापरल्या की दोन्ही बाजूंना एकेकच घटक उरतो, काम संपले असे प्रोग्राम समजतो आणि [२, १, ३] हेच उत्तर म्हणून छापतो.

होअरच्या पद्धतीत शेवटचा घटक पिव्हट घेणे ही याचीच दुसरी बाजू. [१, २] या दोनच आकड्यांवर ते पार्टिशन १ हा इंडेक्स परत देते, पुढची हाक पुन्हा ० ते १ अशीच जाते आणि स्टॅक (फंक्शनच्या हाकांसाठीची मेमरी) भरून सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडतो. असे झाल्यास फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ‘लो’ आणि ‘हाय’ छापावेत. तीच जोडी पुन्हा दिसली की दोष सीमेत आहे हे निश्चित.

होअरच्या पद्धतीत इंडेक्स सरकवणाऱ्या आतल्या लूपमध्ये < ऐवजी <= लिहिण्याचा मोह समान घटक असताना फार होतो. तो आवरावा, कारण पिव्हटच सर्वांत मोठा असेल तर डावा इंडेक्स अ‍ॅरेबाहेर निघून जातो. सी भाषा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) चालू ठेवून कंपाइल केल्यास मात्र नेमकी ओळ सापडते.

उत्तर बरोबर येते पण वेळ लागतो, ही तक्रार बहुधा आधीच क्रमाने असलेल्या डेटावर येते. टोकाचा घटक पिव्हट असल्यास १ लाख घटकांसाठी सुमारे ५०० कोटी तुलना होतात आणि रिकर्सनही जवळजवळ १ लाख पातळ्या खोल जाते. पहिला, मधला आणि शेवटचा यांतला मध्यम घटक पिव्हट घ्यावा. शिवाय लहान भागावर रिकर्सन आणि मोठ्या भागावर लूप चालवल्यास १० लाख घटकांनाही खोली २० च्या आसपासच राहते. लोमुटो पद्धत सगळे घटक समान असतानाही अशीच रखडते, त्यामुळे पुनरावृत्ती असलेल्या डेटासाठी मी होअरचीच पद्धत सुचवीन.

सीमधले तयार क्यूसॉर्ट फंक्शन वापरणाऱ्यांनी तुलनेसाठी अ - ब परत करू नये. २०० कोटींतून उणे २०० कोटी वजा केले की ३२ बिटांचा इंट ओसंडतो. (अ > ब) - (अ < ब) असे लिहिल्यास हा प्रश्नच येत नाही.