घर विकायला काढताय? सोलापुरात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

घर विकायचं ठरलं की बहुतेक लोक पहिला फोन रंगाऱ्याला करतात. गवंडी, प्लंबर, कागदपत्रं सगळं नंतर. क्रम नेमका उलटा हवा. आधी कागद, मग पाणी कुठं मुरतंय त्याचा शोध, मग नळ आणि ड्रेनेज, मग फरशी, आणि रंग सगळ्यात शेवटी. सोलापुरात घर बघायला गिऱ्हाईक एकटं येत नाही. सोबत मेव्हणा असतो, मामा असतो आणि दुसऱ्या फेरीला ओळखीचा गवंडी असतोच. नुसत्या रंगाखाली काय दडलंय हे त्या गवंड्याला बोट लावताच कळतं.

ओल्या भिंतीवर पुट्टी मारणं

ही चूक सगळ्यात महागाची, आणि दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये ती नव्यानं होते. जुळे सोलापुरातल्या एका रो-हाऊसचं उदाहरण घ्या. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला वरून दीड-दोन फुटांपर्यंत पोपडे आलेले. एप्रिलात भिंत हाताला खडखडीत कोरडी लागत होती, म्हणून मालकांनी पोपडे खरवडले, पुट्टीचे दोन हात मारले, वर भारी इमल्शन लावलं. चार दिवसांत काम संपलं. मे महिन्यात गिऱ्हाईक आलं, घर पसंत पडलं, विसार झाला, जूनमध्ये साठेखत ठरलं. मध्ये वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले. साठेखताआधी शेवटचं बघायला आलेल्या माणसानं भिंतीवर तळवा टेकवला आणि रंगाचा ताटाएवढा फुगा सुटून हातात आला. मागं पांढरा खार.

त्यानंतर प्रश्न त्या एका भिंतीपुरता राहिला नाही. आणखी काय झाकलंय, या शंकेनं गच्ची, बाथरूम, जोतं सगळं पुन्हा तपासलं गेलं. शेवटी किमतीतून जेवढं सोडावं लागलं, तेवढ्यात अख्ख्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा झालं असतं.

कारण साधं आहे. गच्ची आणि कठडा जिथं मिळतात तिथल्या वाट्याला, म्हणजे सांध्यातल्या सिमेंटच्या गोलाईला, भेग पडलेली असते. पाणी तिथून विटेत शिरतं आणि विटेतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून बाहेर आणतं. भिंत सुकताना त्या क्षारांचे स्फटिक रंगाच्या मागं तयार होतात आणि रंग पुढं ढकलतात. इमल्शनचा थर जितका घट्ट, तितका फुगा मोठा. सोलापूरच्या उन्हाळ्यात भिंतीचा वरचा थर लवकर वाळतो, म्हणून हात लावून ओल तपासणं निरुपयोगी आहे. दोन फूट बाय दोन फूट पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल आत आहे.

मग गच्ची. पावसाळी पाइपांची तोंडं कापडानं बंद करून बोअरचं पाणी दोन इंच उभं करा, 48 तास ठेवा आणि खालून छत बघत राहा. गळतंय ती जागा सापडली की वाटा पूर्ण फोडायचा. नुसती भेग बुजवून भागत नाही. साफ करून पॉलिमरचा लेप, त्यात फायबरची जाळी, वर 1:3 मसाल्याचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) चार इंची गोल वाटा. बाहेरून पाणी थांबल्याशिवाय आत हात लावू नये. आतला गिलावा ओल दिसते त्याच्या एक फूट पुढपर्यंत विटेपर्यंत काढा. खार कोरड्या ब्रशनं झाडून काढा. धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. भिंत तीन आठवडे उघडी ठेवा. मग वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून 1:4 चा गिलावा, सात दिवस पाणी मारणं, आणि एकूण 28 दिवस झाल्यावरच प्रायमर. पुट्टीचे दोन पातळ हात, प्रत्येक हात दीड मिलिमीटरपेक्षा जाड नको.

म्हणजे दोन महिने लागतात. रंगारी 'साहेब, चार दिवसांत करून देतो' म्हणाला तर त्याला थांबवा. तो भिंतीबद्दल बोलतच नसतो, त्याला पुढच्या साइटवर जायचं असतं. दोन महिने थांबायची तयारी नसेल तर गच्चीचं काम करून घ्या, आतली भिंत तशीच उघडी ठेवा, गिऱ्हाइकाला दाखवा आणि त्या कामाचे पैसे किमतीतून वळते करा. दाखवलेल्या दोषाचा हिशेब होतो. लपवलेला सापडला की हिशेब कुठं थांबेल हे तुमच्या हातात राहत नाही.

शहाबादी फरशीवर ॲसिड

हे बघून खरंच जीव तुटतो. शहाबादी, कोटा, मार्बल हे सगळे चुन्याचे दगड. ॲसिड पडलं की जी फसफस होते ती मळ निघतोय म्हणून नाही, दगड विरघळतोय म्हणून. पन्नास वर्षं पायाखाली घासून गुळगुळीत झालेली पेठेतल्या घराची फरशी एका दुपारी खरबरीत आणि पांढुरकी होते. आठ दिवसांत त्या खरबरीत अंगावर धूळ बसून ती आधीपेक्षा काळी दिसायला लागते. टाइल्सवरही ॲसिड सांध्यातलं सिमेंट खातं, आणि बंद बाथरूममध्ये त्याच्या वाफेनं नळ, कड्या, बिजागऱ्या काळ्या पडतात. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि तो छातीत जातो.

शहाबादीला गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर, नायलॉनचा ब्रश आणि धीर एवढंच लागतं. पावडरचं पाणी पसरून पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, घासा, स्वच्छ पाण्यानं दोनदा पुसा. तेलाचा डाग असेल तर खाण्याच्या सोड्याचा घट्ट लगदा पाव इंच जाड थापा, वर प्लास्टिक घाला, दुसऱ्या दिवशी काढा. जुना डाग असेल तर दोन-तीन वेळा करावं लागेल. ॲसिडनं आधीच खाल्लेली फरशी मात्र पॉलिश मशिननंच सुधारते, जाड दगडापासून सुरू करून बारीक दगडापर्यंत.

बोअरच्या पाण्यानं नळांवर आणि शॉवरवर चढलेल्या पांढऱ्या थराला लिंबूसत्व पुरतं: लिटरभर गरम पाण्यात दोन चमचे, त्यात भिजवलेलं फडकं नळाला अर्धा तास गुंडाळा आणि धुवा. हेही खालच्या शहाबादीवर ठिबकू देऊ नका.

भेगा मे महिन्यात बुजवणं

शहराच्या बऱ्याच भागात घराखाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग मेमध्ये रुंद आणि ऑगस्टमध्ये बारीक दिसते. मेमध्ये तिच्यात कडक पुट्टी किंवा सिमेंट ठासलं की पावसाळ्यात दोन्ही कडा दाबल्या जातात आणि भरलेलं बाहेर उचकटतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ आणि तारीख टाका. टोक पुढं सरकत नसेल तर भेग व्ही आकारात खोदून लवचीक क्रॅक फिलर भरा. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद, भिंतीच्या आरपार गेलेली किंवा वाढत जाणारी भेग असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि लेखी अहवाल घ्या. गिऱ्हाइकाच्या गवंड्यासमोर तो अहवाल ठेवला की चर्चा तिथंच आटोपते.

मुळावर उपाय म्हणजे जोत्याभोवती तीन फूट रुंद कोबा, बाहेरच्या बाजूला उतार, आणि गच्चीचं पाणी जोत्यापासून लांब सोडणं. भिंतीला लागून केळ आणि कर्दळ लावून रोज पाणी घालणाऱ्यांनी निदान घर विकेपर्यंत तरी ती झाडं हलवावीत.

पाण्याचं मोघम उत्तर

उजनीतून, टाकळीतून पाणी येत असूनही नळाला ते रोज येईलच असं नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. 'पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही' या उत्तरावर कुणी विश्वास ठेवत नाही. आकडा सांगा. हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, गुणाकार करा, त्याला 28.3 नं गुणा, की लिटर मिळतात. 6 बाय 5 बाय 5 फुटांच्या हौदात साधारण 4,250 लिटर मावतात. माणशी दिवसाला 135 लिटर धरले तर चौघांना जवळपास आठ दिवस पुरतात. हा हिशेब, बोअरची खोली आणि मोटार किती एचपीची हे एका कागदावर लिहून ठेवा. हौद उपसून धुवा. झाकण उघडून दाखवायला लागतंच.

बंद घराचा वास

रिकामं घर महिनाभर बंद राहिलं की उन्हाळ्यात नहाणीच्या ट्रॅपमधलं (जाळीखालच्या वाटीतलं, गटारीचा वास अडवणारं) पाणी आटतं आणि गटारीचा वास व झुरळं थेट घरात येतात. लोक त्यावर अगरबत्ती लावतात, फिनेल ओततात. प्रत्येक ट्रॅपमध्ये आणि कमोडमध्ये पाणी ओता, ट्रॅपमध्ये वरून चमचाभर खाण्याचं तेल सोडा. तेलाच्या थरामुळं पाणी सावकाश आटतं. कूलरचे जुने वाळ्याचे पडदे काढून टाका, कुबट वासाचं ते दुसरं मोठं कारण. कूलरखालच्या भिंतीवरचे गंजाचे ओघळही तेव्हाच दिसतील.

पूर्व भागातली मागाची घरं

तळमजल्यावर यंत्रमाग असलेलं घर विकताना माग हलवल्यावर ते जमिनीत पक्के करणारे बोल्ट वरच्यावर कापून सिमेंट थापलं जातं. आतलं लोखंड गंजून फुगतं आणि कोबा उचलतो. बोल्ट उपसून काढा, किंवा पृष्ठभागाच्या दोन इंच खाली कापून न आकसणारं ग्राउट भरा. पंखे, वायरी आणि स्विचबोर्डांवरचा सुताचा भुगा मेन स्विच बंद करून कोरडाच काढा, ओल्या फडक्यानं तो चिकटतो. आणि थ्री-फेज कनेक्शन घाईनं परत करू नका. छोटा कारखाना टाकणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तीच जमेची बाजू असते.

थोडक्यात बाकीच्या

विकण्याआधी वास्तूसाठी दारं-भिंती फोडू नका. घेणारा त्याच्या माणसाला विचारून पुन्हा फोडतो. चौकट वाळवीनं पोकळ असेल तर त्यावर रंग नको, औषध मारून घ्या आणि पावती जपा. दुपारी बारा ते पाच घर दाखवू नका, एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नाही. वरच्या मजल्याची खोली त्या वेळी स्वतःच गिऱ्हाइकाला बाहेर काढते. फोटो सकाळी, पडदे उघडून, मोबाइल आडवा धरून, छातीच्या उंचीवरून. भाड्याची शोभेची गादी-उशी आणू नका, पलंगावर धुतलेली सोलापुरी चादर आणि मोकळी जमीन पुरते. तुळस वाळलेली असेल तर बदला. पितृपक्षात आणि पौषात विसार द्यायला लोक कचरतात. त्या काळात फोन आला नाही म्हणून किंमत उतरवू नका.

कागद शेवटी काढणं

घर पसंत पडल्यावर कपाट उघडणारे लोक महिना-दोन महिने घालवतात, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरं घर बघतं. कर्ज फिटलं तरी उताऱ्यावरचा बँकेचा बोजा आपोआप निघत नाही. बँकेचा कर्जफेडीचा दाखला घेऊन सिटी सर्व्हे कार्यालयात किंवा तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो. मूळ खरेदीखत बँकेतून परत आलंय का, तेही बघा. वडिलांच्या नावावरचं घर असेल तर वारस नोंद आधी. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर नियमितीकरणाचा दाखला हवा. महापालिकेची मिळकत कराची चालू पावती, वीजबिल, खरेदीखत आणि सूची क्रमांक 2 (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू) यांतल्या नावांची स्पेलिंगं एकमेकांशी ताडून बघा.

आणि मंजूर नकाशा हातात घेऊन घरभर फिरा. गच्चीवर नंतर चढवलेली खोली नकाशात नसेल तर गिऱ्हाइकाच्या बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) ती पकडतो आणि कर्ज अडतं. अशी खोली असेल तर जाहिरात देण्याआधीच आर्किटेक्टला दाखवा, ती नियमित होते का विचारा, आणि होत नसेल तर सांगायच्या क्षेत्रफळात ती धरू नका.